पाठीमागून वाचलेली गोष्ट

कल्पिताचे वडील, तात्या, अलिबागजवळ नागावला प्राथमिक शाळेत मास्तर होते. संध्याकाळी शाळेतून आले की हातपाय धुऊन ते पडवीत बसायचे, लेकीला मांडीवर घ्यायचे आणि पुस्तक उघडायचे. घरात लहान मुलांची पुस्तकं होती जेमतेम पिशवीभर. त्यातली तीन कल्पिताची लाडकी. एका पुस्तकात सरळ चालायला शिकू बघणारा खेकडा होता. दुसऱ्यात एका म्हातारीच्या घरातली भांडी एकमेकांशी भांडायची, आणि दर भांड्याचा आवाज निराळा. तिसरं पुस्तक बकरीचं. ही बकरी खाडीपलीकडे मावशीकडे जायला होडीत बसते आणि आपलं तिकीट खाऊन टाकते. मग नावाडी विचारतो, शिपाई विचारतो, टोपलीवाली विचारते, 'तिकीट कुठाय?' बकरी सगळ्यांना एकच उत्तर देते, 'पोटात हाय!' तात्या बकरीचा आवाज नाकातून काढायचे. कल्पिता 'पोटात हाय' त्यांच्या आधीच ओरडायची आणि स्वतःच्याच ओरडण्यावर इतकी हसायची की पान उलटायला वेळ लागायचा.

मोठी झाल्यावर तिने डी.एड. केलं आणि एका बालवाडीत शिकवलं. तिथेही तिने हेच केलं, मुलांना वाचून दाखवलं. लग्न होऊन ती दिवेआगरला आली तेव्हा कपड्यांच्या बॅगेत ती पुस्तकं होती. नवरा कुशल सुपारीची वाडी बघायचा आणि मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा. सासूबाई गोदावरी घर आणि स्वयंपाक सांभाळायच्या. दिवस गेले तशी कल्पिता दुपारी झोपाळ्यावर बसून पोटातल्या बाळाला गोष्टी वाचायला लागली. सासूबाई हसायच्या. "अगं, बाहेर तरी येऊ दे त्याला. आतल्या आत कंटाळेल."

मुलगी झाली. नाव ठेवलं इरा. डोळे मोठे, बघणारे. कल्पिता पुस्तक घेऊन समोर बसली की इरा हातातलं खेळणं टाकायची आणि आईच्या तोंडाकडे टक लावून बघायची. बकरीचं पुस्तक निघालं की कल्पिता दोन बोटं डोक्यावर शिंगांसारखी धरायची, 'तिकीट कुठाय' म्हणताना तळवा पुढे करायची आणि 'पोटात हाय' म्हणताना पोटावर थाप मारायची. इरा नेमक्या जागी हसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला कल्पिता अभिमानाने सांगायची, "वर्षाची नाही झाली अजून, पण गोष्ट कळते तिला."

इरा सव्वा वर्षाची असताना चक्रीवादळ आलं.

सकाळपासून वारा वाढत होता. दुपारी त्याचा आवाज असा झाला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. घरातली सगळी माजघरात जमली. कौलं उडून अंगणात फुटत होती. वाडीतल्या पोफळी एकामागून एक कडाकड मोडत होत्या आणि कुशल दर आवाजाला डोळे मिटून घेत होता. सासूबाई भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होत्या. इरा कल्पिताच्या मांडीवर झोपली होती.

मग परसातला फणस स्वयंपाकघरावर कोसळला. वासे तुटले, फळीवरची सगळी पितळी भांडी खाली आली, भिंत हादरली. सासूबाई किंचाळल्या. कुशल ओरडला. कल्पिताच्या तोंडूनही किंकाळी निघाली आणि तिने खाली बघितलं.

इरा झोपलेली होती. पापणीसुद्धा हलली नव्हती.

कल्पिता तशीच बघत राहिली. थोड्या वेळाने माजघराच्या छपराचा कोपरा उचकटला, आत उजेड आला, आणि तो उजेड तोंडावर पडल्याबरोबर इरा जागी झाली. आईकडे बघून हसली. बाहेर अजून झाडं पडत होती.

"देवाची कृपा," सासूबाई रडत म्हणाल्या. "लेकराला भीती म्हणून कळली नाही."

वारा थांबल्यावर सगळे मोडलेलं घर बघायला बाहेर पडले, तेव्हाही कल्पिता माजघरातच बसून होती. तिला कळलं होतं, आणि जे कळलं ते खोटं ठरावं म्हणून ती मनातल्या मनात याचना करत होती.

पुढचे दिवस कुणाला कुणाकडे बघायला फुरसत नव्हती. वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडं आडवी. बाहेरच्या जगात साथ चालू, टाळेबंदी. कुशल दिवसभर करवत घेऊन वाडीत असायचा. आजोबांनी लावलेल्या पोफळी कापून बाजूला काढताना तो कुणाशी बोलत नसे. कल्पिताने भिजलेली पुस्तकं कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. पानं फुगली, एकमेकांना चिकटली, पण वाचता येत होती.

ती वाळल्यावर एका सकाळी तिने इराला ओटीवर अंगणाकडे तोंड करून बसवलं. अंगणात कोंबड्या होत्या. इरा त्यांच्याकडे बघण्यात गुंगली. कल्पिता तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि बकरीचं पुस्तक वाचायला लागली.

आधी नेहमीच्या आवाजात वाचलं. मग बकरीच्या आवाजात. इरा कोंबड्या बघत होती. कल्पिताने आवाज चढवला. 'तिकीट कुठाय? पोटात हाय!' पान उलटलं. 'तिकीट कुठाय? पोटात हाय!' तिचा आवाज चिरकला तरी ती थांबेना. कोंबड्या बिचकून पळाल्या. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. वाडीतून कुशल करवत टाकून धावत आला.

"काय झालं? कोण पडलं?"

"ती वळत नाहीये."

"खेळतेय गं ती."

"तू हाक मार. इथूनच मार. पुढे जाऊ नकोस."

कुशलने हाक मारली. पुन्हा मारली. मग तो चिडला, इरापुढे जाऊन उभा राहिला, आणि इराने दोन्ही हात वर केले. "बघ," तो म्हणाला, "ओळखते की नाही?"

"तू समोर गेलास, कुशल," कल्पिता म्हणाली.

त्याने लेकीला उचलून घेतलं आणि बायकोकडे पाठ करून तो वाडीत निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, कुशलसुद्धा उशिरा बोलला होता. त्यांनी नवस बोलला. तालुक्याच्या दवाखान्यात फक्त तापाचे पेशंट बघत होते, तिथे सांगितलं, साथ ओसरू दे मग या. कल्पिता घरात एकटी असली की थाळ्या आपटायची, दारं आपटायची, इराच्या मागे जाऊन टाळ्या वाजवायची. एकदा पायाखालची फळी हलली म्हणून इरा वळली. कल्पिता तेवढ्यावर दोन दिवस आनंदात होती.

मुंबईला तपासणी झाली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. इराला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा लावल्या. नंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी बोलता ना हिच्याशी?"

"सारखी बोलते," कल्पिता म्हणाली. "पोटात होती तेव्हापासून वाचून दाखवते."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. दोन्ही कान. अगदी पहिल्यापासून.

परतताना दिघीच्या फेरीबोटीवर कल्पिता कठड्याला धरून उभी होती. इरा बापाच्या खांद्यावरून पाण्याकडे बघत होती, खूश होती. कल्पिताला वाटत होतं, आपण इतके दिवस एका बंद दाराशी बोलत होतो आणि आतून उत्तर येतंय असं समजत होतो. ते हसणं कशाला होतं मग? कुणाला हसत होती ती?

इराला कानामागची यंत्रं मिळाली. बोलायला शिकवणाऱ्या केंद्रात आठवड्यातून एकदा अलिबागला जायचं, तेव्हा मुक्काम नागावला तात्यांकडे. केंद्रातल्या ताईंनी बजावलं होतं, "बोलताना हातवारे करायचे नाहीत. खुणांची सवय लागली तर मूल ऐकायचा प्रयत्नच करत नाही. तोंडापुढे कागद धरा. तिला कानाने घेऊ दे." आणि रोज वाचून दाखवा, असंही सांगितलं होतं. कल्पिताला तेवढंच हवं होतं. तिच्या हातात करण्यासारखं काहीतरी आलं.

ती सकाळी वाचायची, दुपारी वाचायची, जेवण भरवताना वाचायची. हात हलू नयेत म्हणून मांडीखाली दाबून बसायची. पान उलटायला एक हात बाहेर काढायची आणि लगेच परत आत. तोंडापुढे पुठ्ठा. इरा त्या पुठ्ठ्याकडे बघायची, मग तो खाली ओढायची, आणि कल्पिता तो पुन्हा वर धरायची. हळूहळू इराने पुस्तकाकडे बघायचं सोडलं. पिशवी दिसली की ती उठून जायची. एकदा तिने खेकड्याचं पुस्तक तांदळाच्या डब्यात लपवलं. यंत्रं काढून अंगणात फेकायला लागली.

"नको गं इतकं," सासूबाई म्हणायच्या. "पोर वाळत चाललंय."

"मी थांबले तर तिचं काय होणार, आई? तुम्ही सांगा."



इरा तीन वर्षांची झाली, साडेतीन वर्षांची झाली. एक शब्द नाही. एका दुपारी कल्पिताने तिला समोर बसवलं आणि चित्रावर बोट ठेवून म्हटलं, "बकरी." इराने तोंड फिरवलं. कल्पिताने तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवला. "बकरी. बोल. ब." इराने अंग ताठ केलं. "बोल ना गं! एकदा! ब!" ती किती वेळ ओरडत होती ते तिला कळलं नाही. सासूबाईंनी येऊन तिचे हात सोडवले तेव्हा इराच्या दोन्ही गालांवर बोटं उमटली होती. इरा रडत होती, पण आईकडे बघत नव्हती. त्या दिवशी ती आजीजवळ जेवली आणि आजीजवळच झोपली.

कल्पिता विहिरीशी जाऊन बसली. कुशल तिथे आला आणि थोड्या अंतरावर उभा राहिला. म्हणाला, "ऑपरेशन करून आत यंत्र बसवतात म्हणे. डॉक्टर सुचवत होते. करू या." तो इतक्या महिन्यांत प्रथमच स्वतःहून याबद्दल बोलला होता. कल्पिताने त्या ऑपरेशनवर सगळा जीव टांगला.

ऑपरेशनच्या आधी डोक्याच्या आतला फोटो काढावा लागतो. तो बघून डॉक्टरांनी दोघांना बसवून घेतलं. कानापासून मेंदूपर्यंत आवाज नेणारी नस इराला जवळजवळ नव्हतीच. यंत्र बसवलं तरी त्याचा आवाज पुढे जायला वाट नाही. ऑपरेशनचा उपयोग होणार नाही. "आणि ती कानामागची यंत्रं?" कुशलने विचारलं. "त्यांचाही झाला नसणार," डॉक्टर म्हणाले. "हा फोटो आधीच काढायला हवा होता."

नागावला पोचल्यावर कल्पिता पडवीत भिंतीला पाठ लावून बसली. तात्या आता थकले होते, बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. ते तिच्याजवळ बसले.

"कल्पू, आता वाचणं थांबव."

ती उसळली. "तुम्हीच लावलंत हे मला! दुसरं काय शिकवलंत? मला दुसरं काही देताच येत नाही तिला. बोलता येतं आणि वाचता येतं, तेवढंच येतं मला, आणि नेमकं तेच तिला नको. दुसऱ्या कुणाच्या घरी का नाही गेली ती? एखाद्या मुक्या बाईच्या पोटी?"

तात्यांनी तिला थांबवलं नाही. तिचं रडून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर मीही तिला वाचूनच दाखवलं असतं. मलाही यापुढचं येत नाही, बाळ." मास्तर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाने हे म्हटलेलं ऐकून कल्पिताला जास्तच भीती वाटली. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

दिवेआगरला परतल्यावर तिने पुस्तकं पिशवीत भरली. अंगणवाडीला देऊन टाकायची होती. घरात ती नजरेसमोर नको होती. चपला घालून ती ओटीवरून उतरणार, इतक्यात इरा समोर येऊन उभी राहिली.

इराने पिशवीकडे बघितलं. मग तळवा पुढे केला.

कल्पिताला वाटलं, खाऊ मागतेय. तिने मान हलवली. इराने पुन्हा तळवा पुढे केला, भुवया वर चढवल्या, शिपायासारख्या. मग दोन बोटं डोक्यावर धरली. मग पोटावर थाप मारली आणि आईकडे बघत राहिली, आता तुझी पाळी, अशी.

कल्पिता पायरीवर खाली बसली.

त्या खुणा तिने स्वतः दीड-दोन वर्षांत केल्या नव्हत्या. हात मांडीखाली ठेवायला लागल्यापासून एकदाही नाही. म्हणजे त्याआधीचं सगळं इराकडे होतं. ती खरंच हसत होती तेव्हा. तिला गोष्ट कळत होती, तिच्या वाटेने कळत होती, आणि आईने एक दिवस ती वाट बंद करून टाकली. तोंड पुठ्ठ्याआड, हात मांडीखाली. पोर पुठ्ठा खाली ओढत होती तेव्हा काय मागत होती, ते कल्पिताला आत्ता समजलं. तिला आनंद झाला असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. तिला उलटी झाली. सासूबाईंनी पाणी आणून दिलं. इरा तळवा पुढे करून अजून उभीच होती.

कल्पिताने पोटावर थाप मारली. इरा हसली नाही. तिने दुसरा प्रवासी होऊन पुन्हा तळवा पुढे केला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. खुणांची भाषा शिकवणारं माणूस आसपास कुठे नव्हतं. कल्पिता मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकायची, पण वीज गेली की नेट जायचं. चार वर्षांच्या मुलीजवळ जेमतेम दहाबारा खुणा होत्या. त्याच वयाची शेजारची पोरं दिवसभर प्रश्न विचारत हिंडायची. इराला भूक लागल्याचं सांगता यायचं, पोटात दुखतंय हे सांगता यायचं नाही. एकदा ताप डोक्यात गेला तोपर्यंत कुणाला कळलं नाही. कल्पिता पुस्तकातली भांडी हातांनी भांडायला लावायची, खेकडा बोटांनी चालवायची. रोज तिला वाटायचं, उशीर झालाय, आणि उशीर झालाच होता.

पाच वर्षांची झाल्यावर इराला पनवेलच्या पुढच्या एका निवासी शाळेत घातलं. तिथे सगळी मुलं खुणांनी बोलतात. पहिल्या दिवशी कुशल आणि कल्पिता फाटकाबाहेर पडले तेव्हा इरा खिडकीचे गज धरून रडत होती, पण तिच्या तोंडून हाक अशी येत नव्हती. कुशल बसस्टॉपवर खाली बसला. "आपण सोडून आलो तिला," एवढंच तो म्हणत राहिला. पहिले काही महिने कल्पिता दर रविवारी जायची. सुरुवातीला इरा तिला घट्ट धरून ठेवायची. मग मैत्रिणींकडे बघायला लागली. मग एका रविवारी ती आईला सोडून मैत्रिणीशी हातांनी बोलत बसली, इतक्या वेगात की कल्पिताला त्यातला एक शब्द उचलता येईना. तिथल्या गौरी मॅडम म्हणाल्या, "तुमची इरा लहान मुलांना गोष्टी सांगते. ऐकण्यासारख्या असतात," आणि मग स्वतःच ओशाळून म्हणाल्या, "बघण्यासारख्या."

"कुठल्या गोष्टी?" कल्पिताने विचारलं.

"तिची तीच रचते. पुस्तकातल्या नसतात."

या दिवाळीला इरा सुट्टीसाठी घरी आली. साडेसहा वर्षांची, दोन वेण्या, एक दात पडलेला. वाडीत नव्या पोफळी तिच्या डोक्याहून उंच झाल्यात. तात्याही येऊन राहिले होते. वाकड्या बोटांनी ते खुणा करतात आणि निम्म्या चुकतात. इरा त्यांची बोटं धरून सरळ करू बघते, ती होत नाहीत, मग तशाच चालवून घेते.

आईला मात्र ती तशी चालवून घेत नाही. एका सकाळी न्हाणीघराबाहेर केस विंचरताना इराने आईला काहीतरी लांबलचक सांगितलं. शाळेतलं होतं, कुणी मुलगी होती, काहीतरी तुटलं होतं किंवा कुणी निघून गेलं होतं. कल्पिताने 'पुन्हा' अशी खूण केली. इराने पुन्हा सांगितलं. कल्पिताला 'मुलगी' कळलं, 'झोप' कळलं, आणि मधलं सगळं निसटलं. तिने परत 'पुन्हा' म्हटलं. तिसऱ्यांदा इराचे हात रागाने हलले, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे गोष्ट दुःखाची होती. तेवढं कळलं. कल्पिताने अंदाजाने विचारलं, मैत्रीण आजारी आहे का?

इराने मान झटकली आणि डोळे मिटून घेतले.

बहिऱ्या मुलाने डोळे मिटले की बोलणं संपतं. हाक मारता येत नाही, दार ठोठावता येत नाही, विनवणी करता येत नाही. कल्पिताचा हात हवेत तसाच राहिला. तिला वाटलं, खांद्याला धरून हलवावं, पापण्या उघडायला लावाव्यात, सांग मला, सांग. गालांवर उमटलेली बोटं तिला आठवली आणि तिने हात मागे घेतला.

ती समोर जमिनीवर बसून राहिली. चूल विझली, सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या, कुशलने लांबून 'काय?' असं विचारलं आणि तिने त्याला जायला सांगितलं. इराच्या मिटलेल्या पापण्यांतून पाणी येत होतं. काय घडलं होतं त्या मुलीला, कोण होती ती, हे सगळं तिच्या आत होतं, पूर्ण वाक्यांत, आणि घरातल्या एकाही माणसाला ते घेता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने इराने एक डोळा थोडा उघडला, आई गेली का बघायला. कल्पिता तिथेच होती. तिने लगेच खूण केली, तिला येत असलेल्या थोड्या खुणांतली एक: हळू सांग.

इराने नाक पुसलं, आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि पहिल्या शब्दापासून ते हलवायला सुरुवात केली.